तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या साड्या घरात ठेवता कुठे?

घरी साडी बघायला आलेली बाई आत येते, टेकते, खोलीभर नजर फिरवते आणि विचारते, "अहो ताई, साड्या ठेवल्यात कुठे?" माझ्यासारख्याच घरून साड्या विकणाऱ्या मैत्रिणी हाच प्रश्न काकुळतीला येऊन विचारतात. त्यांच्याकडे दिवाणावर झोपायलाही जागा उरलेली नसते. डोंबिवलीत वन बीएचकेत आम्ही चौघं राहतो आणि बारा वर्षं मी इथूनच साड्या विकते आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साड्या एका लोखंडी कपाटात आहेत. चार कप्पे, साधारण सव्वाशे साड्या. पण कपाट आणलं आणि घर आवरलं, असं काही झालं नाही. कपाट पहिल्या वर्षापासून होतंच. तेव्हाही दिवाणाखाली गठ्ठे होते, फ्रिजवर पार्सलं होती, सासूबाईंच्या खाटेला टेकून पिशव्या होत्या.

डोळे उघडले ते एका हिरव्या नारायणपेठमुळे. एका ताईंनी लेकीच्या डोहाळजेवणासाठी ती घेतली होती. पैसे दिलेले, फॉल-पिको मी करून द्यायचं ठरलेलं. पिकोवालीकडून साडी आली आणि मी ती खुर्चीवरच्या गठ्ठ्यावर ठेवली. नवरात्र तोंडावर आलं होतं, नऊ रंगांसाठी बायकांची सारखी ये-जा. कुणीतरी हिरवी मागितली, हाताशी आली ती मी दिली. फॉल लावलेला आहे हे त्या गडबडीत ना मी बघितलं, ना तिने. डोहाळजेवणाच्या आदल्या संध्याकाळी ताई न्यायला आल्या, तोवर ती साडी विरारला जाऊन नेसूनही झाली होती. मी पैसे परत केले, दुसरी हिरवी साडी तशीच दिली. त्या रागावल्या नाहीत. पण पुन्हा कधी माझ्याकडे आल्या नाहीत, आणि ते मला आजही लागतं.

त्या रात्री मी खुर्चीवरचा गठ्ठा सोडून बसले. त्यात विकायची अशी साडी एखाददुसरीच होती. बाकी सगळ्या कसल्या ना कसल्या कामासाठी अडकलेल्या: पिकोला जायच्या, पार्सल करायच्या, परत आलेल्या, आणि "ह्यांना विचारून सांगते" म्हणत कुणीतरी राखून ठेवायला सांगितलेल्या. म्हणजे माझ्या घरातला पसारा मालाचा नव्हताच, अर्धवट राहिलेल्या कामांचा होता. मग कितीही कपाटं आणली असती तरी काय उपयोग?

तेव्हापासून कपाटात फक्त विकायची साडी. पैसे आले की साडी त्याच मिनिटाला कपाटातून बाहेर, गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. या पिशव्यांसाठी दारामागे चार खुंट्या आहेत, त्या चार कामांच्या. खुंटीवर पाच-सहा पिशव्यांच्या वर मावत नाही, हेच मला हवं होतं. खुंटी भरली की आधी ते काम, मगच नवे फोटो ग्रुपवर. राखून ठेवलेली साडी दोन दिवसांनी परत कपाटात जाते. सुरुवातीला याचं काहींना वाईट वाटलं, पण मी ते बदललं नाही.

प्रत्येक साडीला नंबर असतो. चिठ्ठी दोऱ्याने बांधायची, टाचणीने नाही. आमच्याकडच्या पावसाळी हवेत टाचणी गंजते आणि नेमका पदरावर डाग पडतो. चिठ्ठीवर खरेदीची किंमत अक्षरांत लिहिते. वडील कापडदुकानात कामाला होते, त्यांच्याकडून हे शिकले. एकही अक्षर पुन्हा न येणारा दहा अक्षरांचा शब्द ठरवायचा, एकेका आकड्याला एकेक अक्षर. गिऱ्हाइकासमोर वही उघडावी लागत नाही आणि कितीला सोडता येईल ते नुसत्या चिठ्ठीवरून कळतं.

माल कमी ठेवायचा तर खरेदीतच हात आवरावा लागतो. सुरतेचे होलसेलवाले बरेचदा एका डिझाइनचा अख्खा सेट घ्यायला लावतात, सहा किंवा आठ रंगांचा. राणी, मोरपंखी, वाइन आठवड्यात जातात. पिस्ता आणि मातकट रंग बसून राहतात, आणि नफा म्हणतात तो त्यांतच अडकतो. आता ठाण्याची एक मैत्रीण आणि मी मिळून सेट घेतो नि रंग वाटून घेतो. काळ्या साड्यांचं तर फारच सांभाळावं लागतं. संक्रांतीच्या आधी कितीही आणा, कमीच पडतात असं वाटतं. रथसप्तमी उलटली की काळी साडी कुणी हातात धरत नाही, ती पुढच्या संक्रांतीपर्यंत तुमच्या उरावर. म्हणून संक्रांत आठवड्यावर आली की मी काळ्याची खरेदी थांबवते, चार गिऱ्हाइकं परत गेली तरी चालेल.

पैठणी आणि इतर रेशमी साड्यांसाठी वरचा कप्पा. त्या प्लॅस्टिकमध्ये नाही, जुन्या सुती पंचात गुंडाळलेल्या. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू द्यायच्या नाहीत. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर त्याच मोडीवर जर तुटते. विकण्यासाठी असली म्हणून काय झालं, कुणीतरी महिनोन्‌महिने मागावर बसून विणलेली वस्तू आहे ती.

पितृपक्षात विक्री जवळजवळ बंद असते. ते दिवस मी मोजणीला ठेवले आहेत. कपाट पूर्ण रिकामं करायचं, वहीतला एकेक नंबर साडीशी ताडून बघायचा. दोन पितृपक्ष बघितलेली साडी मुद्दलात देऊन टाकते. गेल्या वेळी वहीत 123 आणि कपाटात 122 निघाल्या. अर्धा दिवस शोधलं, चारही खुंट्या उतरवल्या, गिऱ्हाइकांना फोन केले. संध्याकाळी सासूबाईंनी एकेक घडी हाताने चाचपून बघितली, तेव्हा एका जॉर्जेटच्या घडीत दुसरी सरकून बसलेली सापडली. पिस्ता रंगाची.