तळातलं पाणी

रविवार, रात्र

आज मंडईत तो भेटला. आमच्या जुन्या कंपनीत स्टोअर सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वी कंपनी बसली, तेव्हा सगळ्यांत आधी राजीनामा त्याने दिला होता. त्या दिवशी चहाला मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जहाज बुडायला लागलं की उंदीर आधी पळतात." सगळे हसले. तो दाराशीच होता, त्याने ऐकलं.

आज हाक त्यानेच मारली. "मॅडम, नोकरी लागली का? नसेल तर आमच्याकडे विचारतो." मेथीची जुडी हातात धरून मी नुसती उभी.

घरी आल्यापासून ते वाक्य छळतंय. कल्पना फार जुनी. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला, की घर पडायच्या आधी उंदीर निघून जातात. इंग्रजीत पुढे घराच्या जागी जहाज आलं. पण लाकडी जहाजात उंदीर राहायचे कुठे? तळाशी, पोत्यांच्या आणि दोरखंडांच्या आडोशाला. फळ्यांतून झिरपलेलं पाणी आधी तिथेच साचतं. डेकवरच्यांचे पाय कोरडे असतात, तेव्हा खाली यांची जागा बुडालेली असते. जीव घेऊन वर आले, की वरचे म्हणतात, पळाले.

थकलेल्या बिलांसाठी सप्लायर शिव्या घालायचे ते त्याला. माल न उतरवता टेम्पो परत फिरायचे ते त्याच्या डोळ्यांदेखत. पगार तीन महिने रखडला, तेव्हा माझ्या घरात नवऱ्याचा पगार येत होता. त्याच्याकडे मिळवता तो एकटाच, आणि आईचं डायलिसिस सुरू. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून बोलले. नंतर आई कशी आहे म्हणून एक फोनसुद्धा केला नाही.

2015 साली जपानमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. एक उंदीर पाण्यात, शेजारच्या कोरड्या कप्प्यात दुसरा, मध्ये दार. कोरड्यातला उंदीर दार उघडून भिजणाऱ्याला आत घ्यायला शिकला. बाजूला चॉकलेटचं दार असतानाही बहुतेक वेळा आधी सोबत्याचं दार उघडलं गेलं. आणि जे उंदीर स्वतः आधी त्या पाण्यात भिजले होते, ते हे लवकर शिकले.

मंडईतला त्याचा आवाज आठवतोय. "विचारतो" म्हणाला, किती सहज.

नंबर घेतलाय. उद्या सकाळी फोन करायचा. नोकरीचं राहू दे, आधी आईची चौकशी, मग त्या चहाच्या दिवसाची माफी.