बेल ‘सँक्शन’ होत नाही

ज्युनिअर वकील मंडळींचे इंग्रजी ड्राफ्ट तपासताना एक वाक्य हमखास सापडतं, ‘द बेल वॉज सँक्शन्ड टू द अक्युज्ड’. कुठून येतं ते कळतं, आपण जामीन मंजूर झाला म्हणतो आणि मंजूर म्हटलं की बँकेचं लोन आठवतं. पण क्रिमिनल साइडला सँक्शन म्हणजे सरकारी नोकरावर खटला चालवायला लागणारी परवानगी, त्यामुळे लाचलुचपतच्या केसमध्ये जामिनाच्या अर्जात हा शब्द भलत्या जागी पडला की सरकारी वकील गालातल्या गालात हसणार हे नक्की.

सरळ हिशोब असा, अर्ज ‘अलाऊ’ होतो, आरोपीला बेल ‘ग्रँट’ होते, आणि आरोपी ‘रिलीज्ड ऑन बेल’ होतो. ‘ग्रँटेड विथ बेल’ असं काही नसतं, ते विथ काढून टाका. सीनिअर लोकांचा लाडका ‘एनलार्ज्ड ऑन बेल’ हाही बरोबरच आहे, जुना शब्द, मोकळं सोडणं या अर्थाचा, आणि वरच्या कोर्टांच्या ऑर्डरमध्ये अजून दिसतो. पण सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) काय किंवा आता १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेली बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) काय, कलमांत साधं ‘रिलीज्ड ऑन बेल’च आहे, मग उगाच भारदस्तपणा कशाला?

खरा घोळ ग्रँट आणि रिलीज यांच्यात होतो. शाहरुख खानच्या मुलाची, आर्यनची केस आठवा. बॉम्बे हायकोर्टाने २८ ऑक्टोबर २०२१ ला बेल दिली, दुसऱ्या दिवशी जुही चावला जामीन राहिली, पण रिलीज ऑर्डर आर्थर रोड जेलच्या बेल बॉक्समध्ये (सुटकेच्या ऑर्डर टाकायच्या पेटीत) वेळेत पडली नाही म्हणून ती रात्रही आतच, आणि ३० तारखेला सकाळी पोरगा बाहेर. (पुढे चार्जशीटमध्ये त्याचं नावच आलं नाही, तो भाग वेगळा.) आता लिस्ट ऑफ डेट्समध्ये (अर्जासोबतच्या तारखांच्या यादीत) ‘रिलीज्ड ऑन बेल ऑन ट्वेंटी एट्थ’ लिहिलं तर इंग्रजी अगदी शुद्ध आणि माहिती साफ चुकीची. २८ ला ‘वॉज ग्रँटेड बेल’, ३० ला ‘वॉज रिलीज्ड’. आणि जुहीने केलं ते ‘स्टुड शुअरिटी’, म्हणजे ती जामीनदार राहिली, बेल तिने दिली नाही, बेल कोर्टच देतं.

तिथे दोन दिवसांचा फरक होता. साध्या माणसाला शुअरिटीच मिळत नाही आणि ऑर्डर हातात असून महिनोन् महिने आत बसावं लागतं. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बेल होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल सुपरिटेंडेंटने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात बाँड (कोर्टाला द्यायची लेखी हमी) भरले गेले नाहीत तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. अशा माणसासाठी अटी बदलायचा अर्ज टाकायचा आणि त्यातच ‘अॅप्लिकंट वॉज रिलीज्ड’ लिहायचं, मग जज साहेब विचारणारच ना, सुटलाय तर आलात कशाला?

नकाराचंही तेच. अर्ज फेटाळला तर ‘अॅप्लिकेशन रिजेक्टेड’ किंवा ‘बेल रिफ्यूज्ड’. ‘बेल कॅन्सल्ड’ लिहिलं की आधी मिळाली होती आणि नंतर काढून घेतली असा अर्थ होतो, म्हणजे नवीन अर्जात आपणच आपल्या अशिलाला अटी मोडणारा ठरवून मोकळे.

एक नवीन बारकावा बीएनएसएसने आणलाय. सीआरपीसीत बेलची व्याख्याच नव्हती, आता कलम २ मध्ये आहे, आणि सोबत ‘बाँड’ म्हणजे शुअरिटीशिवाय, ‘बेल बाँड’ म्हणजे शुअरिटीसकट असा फरकही केलाय. सुप्रीम कोर्टाच्या मोतीराम निकालात, १९७८ साली, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर साहेबांनी बेलमध्ये दोन्ही धरलं होतं, तिथे एका गवंड्याकडे दहा हजारांची शुअरिटी मागितली होती आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तीही नाकारली होती. अशिलाकडे जामीनदार नसेल तर प्रेअरमध्ये (अर्जातल्या मागणीत) सवयीने ‘बेल बाँड’ टाइप करू नका, ‘रिलीज्ड ऑन बेल ऑन एक्झिक्युटिंग अ बाँड’ असं मागा, आणि ते नाहीच मिळालं तर काही दिवस कॅश बेलवर सोडून शुअरिटीला मुदत द्या अशी दुसरी प्रेअर खाली जोडा.