आधी ओपीकॅश, मग एफपीएम, पानांची कॅश सगळ्यात शेवटी

मशीन साधं: ४ जीबी रॅम, २ कोअर, एंजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि डेटाबेस एकाच ठिकाणी. साइट रखडायला लागली की हात आधी पानांच्या कॅशकडे, म्हणजे तयार पानं साठवून तीच पुन्हा देण्याकडे, जातो. मी तो मुद्दाम आवरला, कारण ती कॅश दुखणं झाकते. नुसतं वाचायला आलेल्याला पान झटकन मिळतं, पण लॉग-इन केलेला किंवा फॉर्म भरणारा माणूस पूर्वीइतकाच ताटकळतो. (सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी लिपीत, बहुतेक वेळा अंडरस्कोअरने जोडलेली असतात.)

सुरुवात मोजमापाने. एंजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये रिक्वेस्ट टाइम (रिक्वेस्टचा एकूण वेळ) आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (त्यातला पीएचपीने घेतलेला वेळ) हे दोन्ही आकडे घातले. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर पीएचपी निर्दोष. वेळ बघणाऱ्याच्या नेटवर्कवर जातोय. दोन्ही मोठे असतील तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

ओपीकॅश, म्हणजे कंपाइल झालेला पीएचपी कोड मेमरीत साठवणारी सोय, पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, सोबतच येतं. ते नसेल तर प्रत्येक रिक्वेस्टला प्रत्येक फाइल नव्याने वाचून कंपाइल होते. ते चालू आहे का, हे कमांड लाइनवरून तपासू नका. तिथली सेटिंग बहुधा वेगळ्या फाइलमधून येतात आणि तिथे ओपीकॅश मुळातच बंद असतं. ब्राउझरमधूनच बघा. मेमरी १२८ एमबी आणि मॅक्स अ‍ॅक्सिलरेटेड फाइल्स १०,००० (किती फाइल्स साठवायच्या ती मर्यादा) हे न बदलता मिळणारे आकडे. प्रोजेक्टमधल्या पीएचपी फाइल्स मोजल्या तर व्हेंडर फोल्डरसकट (त्यात बाहेरच्या लायब्ररी असतात) १४ हजारांच्या आसपास निघाल्या. तरी तो आकडा वाढवावा लागला नाही. पीएचपी दिलेला आकडा जसाच्या तसा घेत नाही, ठरलेल्या यादीतली पुढची मूळ संख्या घेतं, आणि १०,००० च्या पुढची संख्या १६,२२९ आहे. मेमरी मात्र २५६ केली. ती भरली आणि वाया गेलेला भाग (जुन्या झालेल्या कोडने अडवलेली जागा) ५ टक्क्यांच्या आत असला, तर ओपीकॅश रीस्टार्ट होत नाही आणि कुरकुरही करत नाही; ज्यांना जागा मिळाली नाही त्या फाइल्स दर वेळी पुन्हा कंपाइल होत राहतात. ओपीकॅश गेट स्टेटसमध्ये ‘कॅश फुल’ खरं दिसलं की समजायचं.

व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स शून्य केलं, की फाइल बदलली आहे का हे बघणं थांबतं. त्याची किंमत अशी, की नवा कोड टाकल्यावर एफपीएम रीलोड करावंच लागतं. कमांड लाइनवरून ओपीकॅश रीसेट चालवून उपयोग नाही. ती प्रोसेस वेगळी, तिची मेमरी वेगळी. सिमलिंक (खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) फिरवून डिप्लॉय करत असाल तर एंजिनएक्सच्या स्क्रिप्ट फाइलनेममध्ये डॉक्युमेंट रूटऐवजी रिअलपाथ रूट द्या, नाहीतर लिंक नवी आणि चालणारा कोड जुना, असा घोळ होतो. जेआयटीला (कोड चालता चालता त्याचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारी सोय) मी हात लावला नाही. स्क्रिप्टचा वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जात असेल तर ते काय करणार?

आता एफपीएम. पीएम मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती पीएचपी प्रोसेस, हा सगळ्यात जास्त अंदाजाने ठोकला जाणारा आकडा. सोबत येणाऱ्या फाइलमध्ये तो ५ असतो आणि लॉगमध्ये ‘मर्यादा गाठली, वाढवा’ अशी सूचना दिसली की लोक थेट १०० करतात. हिशेब मेमरीचा करायचा. डेटाबेसला १,५०० एमबी, बाकी सिस्टिम आणि ओपीकॅश मिळून ७५० बाजूला ठेवले; उरले साधारण १,८००. एक प्रोसेस ६० एमबी घेत होती, म्हणजे ३०. थोडी फट ठेवून २५ लिहिले. प्रोसेसची मेमरी आरएसएस या आकड्यावरून मोजाल तर ओपीकॅशची सामायिक जागा प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा धरली जाते; पीएसएस बघा, त्यात ती वाटून धरलेली असते. आकडा ताणून मशीन स्वॅपमध्ये गेलं (रॅम संपून डिस्क वापरू लागलं), तर रांगेत उभं राहणं त्यापेक्षा खूप बरं.

५०२ आणि ५०४ या एररमध्ये गल्लत नको. सगळ्या प्रोसेस अडकल्या आणि सॉकेटची रांगही भरली, की एंजिनएक्स लगेच ५०२ देतं. प्रोसेस मिळाली पण ६० सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ५०४. एरर लॉगमध्ये ‘टू बिग हेडर’ दिसत असेल, तर तो ५०२ गर्दीचा नाही. कुकी किंवा हेडर फुगलेत, फास्टसीजीआय (एंजिनएक्स आणि पीएचपी यांच्यातला दुवा) बफर साइज वाढवा.

खरा चोर स्लोलॉगने, म्हणजे एफपीएमच्या रखडलेल्या रिक्वेस्टच्या लॉगने, पकडून दिला. रिक्वेस्ट स्लोलॉग टाइमआउट ३ सेकंद ठेवला की स्क्रिप्ट नेमकी कुठल्या ओळीवर थांबली आहे ते लिहून येतं. इथे ती बाहेरच्या एका सेवेच्या उत्तराची वाट बघत होती, टाइमआउट न लावता. मॅक्स एक्झिक्युशन टाइम ३० असूनही ती मरत नव्हती, कारण लिनक्सवर नेटवर्कच्या किंवा डेटाबेसच्या प्रतीक्षेचा वेळ त्यात मोजलाच जात नाही. त्या कॉलला २ सेकंदांची मुदत घातली आणि वर रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट (मुदत संपली की प्रोसेस मारणारी एफपीएमची सेटिंग) लावला. एवढ्यानेच अर्ध्याहून अधिक रखडणं गेलं, आणि कॅशचं अजून नावही काढलं नव्हतं.

मग फास्टसीजीआय कॅश, म्हणजे एंजिनएक्समधली पानांची कॅश. कीज झोन १० एमबी, त्यात साधारण ८० हजार किल्ल्या (साठवलेल्या पानांच्या ओळखी) मावतात. इनअ‍ॅक्टिव्ह मूळचे १० मिनिटं असतं. तेवढ्या वेळात कोणी मागितलं नाही तर पान ताजं असूनही उडतं, म्हणून ६० केलं. किल्लीत स्कीम, मेथड, होस्ट आणि पूर्ण यूआरआय. मेथड गाळली तर हेड रिक्वेस्टचं (जी पान न मागता नुसते हेडर मागते) रिकामं उत्तर साठतं आणि पुढच्याला कोरं पान मिळतं. मुदत फक्त १ मिनिट, सोबत कॅश लॉक आणि यूज स्टेल अपडेटिंग. पान शिळं झालं तरी एकच रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत जाते, बाकीच्यांना जुनं पान मिळतं.

एवढं करूनही अपस्ट्रीम कॅश स्टेटस (पान कॅशमधून आलं का ते सांगणारी खूण, मी ती हेडरमध्ये पाठवली होती) दर वेळी मिस, म्हणजे ‘कॅशमध्ये नाही’, असंच दाखवत होतं. (तो हेडर दिसायलाही कष्ट पडले: लोकेशनच्या आत एक जरी अ‍ॅड हेडर असला तरी वरच्या पातळीवरचे सगळे अ‍ॅड हेडर गळतात.) मिसचं कारण सेशन, म्हणजे प्रत्येक वाचकाला कुकीने ओळखून त्याची माहिती वेगळी ठेवणं. सेशन स्टार्ट झालं की पीएचपी सेट-कुकी, नो-स्टोअर आणि १९ नोव्हेंबर १९८१ ही एक्स्पायर्सची तारीख पाठवतं, आणि एंजिनएक्स शहाण्यासारखं ते पान साठवत नाही. इग्नोर हेडर्समध्ये सेट-कुकी, कॅश-कंट्रोल आणि एक्स्पायर्स लिहून हे ‘सोडवता’ येतं, पण मग पहिल्याची सेशन कुकी सगळ्यांना वाटली जाते. तसं करू नका. अनोळखी वाचकासाठी सेशनच सुरू होणार नाही, असा कोड बदलला. लॉग-इनची कुकी असेल तर कॅश बायपास (साठवलेलं पान देऊ नका) आणि नो कॅश (नवं पान साठवू नका) दोन्ही लावले. नुसत्या बायपासने त्याचं खाजगी पान कॅशमध्ये जाऊ शकतं. सीएसआरएफ टोकन (खोटे फॉर्म रोखणारा, प्रत्येकासाठी वेगळा कोड) असलेली पानं पूर्ण वगळली.

एखादंच पान काढून टाकायची पर्ज सोय फुकटच्या एंजिनएक्समध्ये अंगभूत नाही. १ मिनिटाच्या मुदतीत ती क्वचितच लागते. लागलीच तर किल्लीचा एमडी५ (३२ अक्षरी हॅश) काढा. लेव्हल्स (कॅशच्या फोल्डरांची रचना) १:२ असतील तर त्याचं शेवटचं अक्षर म्हणजे पहिला फोल्डर, त्याआधीची २ अक्षरं म्हणजे दुसरा, आणि फाइलचं नाव पूर्ण एमडी५. ती फाइल पुसली की काम झालं.