वळवाच्या पावसासाठी एक अंगण

आमच्या ॲनिमेशनमधला हा सीन बारा सेकंदांचा. मे संपत आलाय, आजीने अंगणात आमसुलं वाळत घातलीत. आभाळ भरून येतं, पहिले टपोरे थेंब पडतात आणि आजी पडवीतून लगबगीने येऊन आमसुलं चटईसकट आत ओढते. आजीची हालचाल माझा मित्र करणार होता. अंगण, घर आणि आभाळ माझ्या वाट्याला आलं. माझं आजोळ कुडाळजवळचं, जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. हे काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर मला खरंच वाईट वाटलं असतं.

आधी आकडेमोड. सेकंदाला 24 फ्रेम (सुटी चित्रं), म्हणजे एकूण 288. त्यातले सात सेकंद कॅमेरा आभाळाकडून, अंगणावरून पडवीकडे आडवा सरकतो. फ्रेममागे 10 पिक्सेल धरले तर 168 फ्रेममध्ये 1680. पडद्याची रुंदी 1920, म्हणून चित्र किमान 3600 पिक्सेल रुंद हवं. मी कडेला थोडी जागा सोडून 3800 घेतलं. याहून वेगाने सरकवलं असतं तर पडवीच्या खांबांच्या उभ्या कडा डोळ्यांना थरथरल्यासारख्या दिसल्या असत्या. या वेगालाही तसं होऊ नये म्हणून त्या कडा मी मुद्दाम जराशा मऊ ठेवल्या.

रंगवायला क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे आणि त्याचे ब्रश मला हाताशी बसलेत. चार संध्याकाळी मी फक्त पडवीची भिंत रंगवत होते. चिऱ्याची छिद्रं, दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात साचलेली धूळ, दाराच्या चौकटीला लागलेला तेलकट हात. भिंत सुंदर झाली होती, हे मी आजही म्हणेन. मग मित्राने त्यावर आजी ठेवून पाठवली आणि आजी दिसेचना.

मला कळेना. लुगडं हिरवं, भिंत तांबडी, मग अडचण काय? सगळ्यात वर राखाडी रंगाचा एक लेअर, म्हणजे चित्राचा वेगळा थर टाकला, त्याचा खालच्या थरांत मिसळायचा मोड 'कलर' केला, तसे चित्रातले सगळे रंग गेले आणि उरला फक्त उजेड-अंधार. त्यात लुगडं आणि भिंत अगदी एकाच करड्या छटेची होती. स्थिर चित्रात रंगांच्या फरकावर भागून गेलं असतं. पण आजी त्या भिंतीसमोरून जेमतेम दीड सेकंद जाते. एवढ्या वेळात डोळा आधी उजळ-गडद पकडतो. आजीचे रंग आधीच्या सीनमध्ये ठरून गेले होते, त्यामुळे बदलायची होती ती भिंतच. तिला चुन्याचा पांढरा हात दिला. चिरे फक्त खालच्या हातभर पट्ट्यात राहिले. चुन्याखाली चार संध्याकाळी गेल्या याचं दुःख झालं, पण पांढऱ्या भिंतीवर आजी पहिल्याच फ्रेमला उठून दिसली.

दुसरी चूकही तिथलीच. आजी खांबाच्या मागून येते, आणि मी खांब भिंतीसकट एकाच लेअरवर रंगवला होता. मग खांब कापून वेगळा काढला आणि त्याच्यामागे राहिलेली भोकं भरली. आता मी पेन हातात घ्यायच्या आधी विचारते: पात्र कुठून येणार, कशाच्या मागून जाणार, कुठे थांबणार?

आभाळात पट्टे दिसत होते. कारण सरळ होतं. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. माझ्या ढगाळ आभाळात वरपासून खालपर्यंत फरक जेमतेम वीस पायऱ्यांचा, आणि तो सहाशे पिक्सेल उंचीत पसरलेला. दर तीस पिक्सेलला एक पट्टा. सोळा बिटमध्ये पायऱ्या कितीतरी जास्त, म्हणून त्यात पुन्हा रंगवलं, शेवटी हलकी रवाळ पूड उडवावी तसा नॉइज टाकला, पट्टे गेले.

खरं काम होतं ते भिजण्याचं. अंगण कोरडं सुरू होतं आणि सीन संपताना ओलं असतं. म्हणून एकाच अंगणाची दोन चित्रं हवीत, एकावर एक तंतोतंत बसणारी. वरचं ओलं चित्र मास्कखाली, म्हणजे हवा तेवढाच भाग दिसू देणाऱ्या पडद्याखाली झाकायचं आणि थेंबाथेंबाने उघडायचं. ओलं करायला मी कोरड्याची प्रत घेऊन मल्टिप्लाय या गडद करणाऱ्या मोडने गडद केली. ते ओलं दिसेना, नुसती सावली पडल्यासारखं दिसत होतं.

शेवटी शनिवारी रात्रीची गाडी धरून आजोळी गेले. मागच्या दारच्या पायरीवर फोन टेकवला, उजेडाची सेटिंग पक्की केली आणि तांब्याने चिऱ्यावर पाणी घालत बसले. मामी बाहेर आली.

"चिऱ्यार पाणी कित्याक घालतंस गो?"

सांगितलं, तर ती शेजारीच बसली.

पाणी पडलं की चिरा क्षणभर चकाकतो, त्यात आभाळाचा पांढुरका तुकडा दिसतो. चिरा सच्छिद्र, लगेच पाणी पितो. चकाकी विझते आणि मागे राहतो तो गडद, दाट, जवळजवळ आमसुलाकडे झुकणारा तांबडा. म्हणजे ओलेपणाच्या दोन अवस्था होत्या आणि मी एकीचीही नीट नोंद घेतली नव्हती. परतल्यावर तीन लेअर केले: कोरडा, मुरलेला आणि त्यावर आभाळाची फिकट चकाकी. चकाकीचा लेअर प्रत्येक थेंबापाशी आठ-दहा फ्रेम टिकतो आणि जातो. चिऱ्याच्या पायऱ्या तेव्हा कुठे भिजल्या. अंगणाच्या मातीला चकाकी जवळजवळ दिलीच नाही, मे महिन्यातली तापलेली माती पहिले थेंब गिळूनच टाकते.

तयार सीन मामीला फोनवर पाठवला. तिने तीनदा बघितला, आजीचं कौतुक केलं आणि विचारलं, पागोळ्यांची रेघ कुठे गेली? कौलांवरून वर्षानुवर्षं पाणी पडून पडवीसमोर ओळीने लहान खळगे झालेले असतात, उन्हाळ्यातही दिसतात. त्याच खळग्यांतून उड्या मारत मी लहानपणी पडवीत शिरायचे. मित्राला एक दिवस थांबायला सांगितलं. सत्तावीस खळगे काढले, कोरडे वेगळे आणि ओले वेगळे.