आठ हजार रुपये जास्तीचे

रविवार, रात्री दहा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आणखी एका टॉवेल कारखान्याचे हिशेब संध्याकाळी लिहाल का, असं परवा विचारणं आलं. महिन्याला आठ हजार. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

‘पैशात सुख नसतं, समाधान मानावं’ हे मला सरसकट पटत नाही. आमच्या पूर्व भागात बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. मान-पाठ धरते ती धरतेच. अशा बाईला समाधानाचा उपदेश करायला जीभ कशी रेटते?

आज दुपारी जुन्या गल्लीतल्या मावशींकडे गेलो होतो. त्यांना कुंभारीजवळ रे नगरात घर मिळालंय. तिथल्या 30,000 घरांपैकी पहिली 15,000 जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या ताब्यात आली, त्यातलं एक. चहा ठेवायच्या आधी त्यांनी पिशवीतून लाईट बिल काढून दाखवलं. वर त्यांचं नाव. “आता खोली रिकामी करा म्हणणारं कोण नाही बघ,” म्हणाल्या. गाव लांब पडतं, रिक्षाला पैसे जातात, हेही सांगितलं. पण बिलाची घडी पुन्हा नीट घालून ठेवताना चेहऱ्यावर जे होतं, ते पैशातूनच आलेलं सुख होतं आणि ते खरं होतं.

मध्यंतरी या विषयावर बरंच वाचलं. 2010 मध्ये मानसशास्त्रज्ञ काहनेमान आणि अर्थशास्त्रज्ञ डीटन यांनी अमेरिकेतल्या पाहणीवरून मांडलं होतं की वर्षाला 75,000 डॉलरच्या पुढे रोजची मनःस्थिती फारशी सुधारत नाही. 2023 मध्ये त्याच काहनेमान यांनी किलिंग्जवर्थ आणि मेलर्स या संशोधकांसोबत आकडे पुन्हा तपासले. बहुतेकांचा आनंद पुढेही वाढतच राहतो असं दिसलं. फक्त सर्वांत दुःखी असलेल्या पाचव्या हिश्श्याचं दुःख सुमारे एक लाख डॉलरनंतर पैशाने हलत नाही. जवळचं माणूस जाणं, खोल नैराश्य, असली दुःखं ती. मला त्यातली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. फरक किती रुपये वाढले यावर नाही, आधीची कमाई किती पटीने वाढली यावर पडतो. म्हणजे हेच आठ हजार मावशींच्या घरात गेले तर सगळा महिना बदलेल. माझ्याकडे बहुधा मोबाईल बदलेल.

तरी मला पैसा नकोसा नाही. वडिलांची मिल बंद पडली तेव्हा घरात काय झालं ते मी पाहिलंय. पुढे आईच्या ऑपरेशनचं कर्ज फिटलं त्या रात्री मी जसा झोपलो, तसा नंतरच्या एकाही पगारवाढीला झोपलो नाही. मला हवी आहे ती तसली निर्धास्ती. शेजाऱ्याच्या गाडीकडे बघून ठरवलेली रक्कम नको, तिला अंतच नसतो.

हिच्याशी बोललो. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत साठेपर्यंतच हे काम करायचं. गुरुवार आणि रविवार संध्याकाळ मात्र मुलीसाठी मोकळी. उद्या मालकांना हेच सांगतो. त्यांना चालत असेल तर पुढच्या एक तारखेपासून सुरू.