तुम्ही विचारलंत म्हणून: हाइकू अडकलं की आधी काय करायचं?

जुन्या लॅपटॉपवर हाइकू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघणारे मला हे हमखास विचारतात. माझं उत्तर एकच: लगेच पॉवरचं बटण दाबू नका. आधी मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा. मशीन बंद केलंत की पुरावाही गेला.

बीओएस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीची मालमत्ता 2001 मध्ये पाम कंपनीने घेतली. त्याच वर्षी बीओएसच्या चाहत्यांनी ती सिस्टिम नव्याने लिहायला घेतली, तीच ही हाइकू. पाचवा बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, 2024 मध्ये आला, म्हणजे अजून सगळं पक्कं झालेलं नाही. पण अडचणीत ती जेवढं सांगते, तेवढं फार थोड्या सिस्टिम सांगतात.

सुरू होताना सात चित्रं एकामागून एक उजळतात. कुठल्या चित्रावर गाडी थांबली ते बघा. माझी चौथ्यावर, डिस्कच्या चित्रावर थांबायची. म्हणजे जिच्यावरून सिस्टिम सुरू (बूट) होते ती डिस्कच सापडत नव्हती. मी दोन संध्याकाळी ग्राफिक्सच्या मागे घालवल्या होत्या! पेन ड्राइव्ह निळ्या यूएसबी पोर्टमधून काढून शेजारच्या काळ्यात लावला आणि शेवटचं रॉकेट उजळलं. तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच कोसळला तर अक्षरांनी भरलेली स्क्रीन येते. तिला केडीएल म्हणतात, म्हणजे कर्नलमधली चूक शोधायची जागा. घाबरू नका, तिथे कीबोर्ड चालत असेल तर 'बीटी' (bt) टाइप करून एंटर दाबा. कुठल्या फंक्शनमधून कुठे जाताना घोळ झाला त्याची उतरंड दिसते. तिचाही फोटो घ्या.

नुसतं गोठणं मात्र खरंच त्रासदायक, कारण काहीच बोलत नाही. माऊसचा बाण हलतोय का? हलत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून अडकलेला प्रोग्राम मारता येतो. सगळंच थिजलं असेल तर ऑल्ट, सिसरेक (SysRq, बहुधा प्रिंट स्क्रीनचीच की) आणि डी एकत्र दाबून बघा, कधीकधी केडीएल उघडतं.

अपडेटनंतर बिघडलं असेल तर बूट होताना शिफ्ट धरा, यूईएफआय (नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या) मशीनवर स्पेसबार. बूट मेनूत पॅकेजांची, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरची, आधीची स्थिती निवडता येते. सेफ मोडचे आणि साध्या व्हिडिओ ड्रायव्हरचे पर्यायही तिथेच आहेत. एकावेळी एकच बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

आणि तक्रार नोंदवाल तेव्हा 'चालत नाही' एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल, 'एचरेव्ह'चा (hrev, हाइकूच्या नेमक्या आवृत्तीचा) आकडा, ते फोटो आणि मिळाली तर सिसलॉगची, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींची फाइल एवढं सोबत जोडा. दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर तुमचा लॅपटॉप नसतो.