बनशंकरीच्या वाटेवर होस्टेलच्या दोघी

सासूबाईंचं कुलदैवत बदामीची बनशंकरी. लग्नानंतर जोडीनं दर्शनाला गेलो नाही, हे दर पौषात शाकंभरी नवरात्र आलं की मला ऐकायला मिळायचं. यंदा जत्रेच्या गर्दीआधी, डिसेंबरातच निघालो. नवरा, मी, सासूबाई, अकरा वर्षांची लेक, सात वर्षांचा मुलगा आणि सात सीटची गाडी. सातवी-सहावी सीट रिकामी का ठेवली, ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगलीच्या होस्टेलवर आम्ही तिघी एका खोलीत चार वर्षं होतो. एक आता बेळगावात, दुसरी बंगळूरला. तिघी मिळून भेटलो त्याला अकरा वर्षं झाली होती. बेळगाव वाटेतच, आणि बंगळूरहून बदामीला रात्रीची गोलघुमट एक्सप्रेस थेट येते. एवढं जुळल्यावर देवीनंच बोलावलं म्हणायचं.

पहिल्या दिवशी माती खाल्ली. बेळगावकरणीला मी छातीठोकपणे 'एकला जेवायला पोचतो' सांगितलं होतं. पुणे-बेळगाव ३४० किलोमीटर, म्हणजे सहा तास, हा माझा हिशोब. पहाटे साडेपाचला निघायचं ते साडेसात झाले, खंबाटकी चढताना मुलगा ओकला, आणि साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी गाडी सर्व्हिस रोडला. पोचलो सव्वाचारला. ती आणि तिच्या सासूबाई दोघी न जेवता बसलेल्या. दार उघडल्यावर गळाभेट वगैरे काही नाही. 'आधी हात धू की गं, आमटी तिसऱ्यांदा गरम केलीय.'

तेव्हा वाटेत मैत्रीण असेल तर पहिल्या दिवशी दुपारचं जेवण कबूल करू नका. रात्रीचं करा. फास्टॅगमध्येही पैसे भरून निघा, बेळगावपर्यंत खेड शिवापूर ते हत्तरगी असे सहा टोलनाके लागतात. मुक्कामाचं म्हणाल तर आम्ही टिळकवाडीत लॉज घेतलं आणि ती रुसली. पण पाच माणसांच्या आंघोळी तिच्या दोन खोल्यांच्या घरात उरकत बसलो असतो, तर गप्पा झाल्याच नसत्या. रात्री गच्चीवर शाल पांघरून दीडपर्यंत बसलो, ते त्या लॉजमुळेच.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या सीटचं गुपित फुटलं. बेळगावकरीण पिशवी घेऊन खाली उभी. सासूबाईंना मी मुद्दाम पुढे बसवलं होतं. त्यांना रस्ता दिसतो, आम्हाला मागे बोलता येतं. सौंदत्ती-रामदुर्गमार्गे बदामी दीडशेच्या आसपास किलोमीटर आहे. पौर्णिमेच्या सुमारास मात्र हा रस्ता धरू नका, यल्लम्माला जाणाऱ्यांची गर्दी असते.

बंगळूरवाली तिसऱ्या दिवशी सकाळी उतरली. बदामी स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब, म्हणून आम्ही दोघीच गाडी घेऊन आणायला गेलो. एक सॅक आणि फिल्टर कॉफीच्या पुडीचा दरवळ, एवढंच सामान. केस बरेच पिकलेत तिचे. आमचेही पिकलेत, आम्ही रंगवतो.

आता खरा सल्ला. सहलीत मैत्रिणींना भेटायचं तर नवऱ्याशी आधीच तह करा. मी दोन तास मागून घेतले होते, आणि त्या वेळात कुणी 'निघायचं का?' विचारायचं नाही. तो मुलांना घेऊन लेण्यांवर गेला. लेणी चारच. पहिल्यात अठरा हातांचा नटराज आणि तिसऱ्यात इ.स. ५७८चा शिलालेख, हे चुकवू नका. सकाळी लवकर चढा, नंतर दगड तापतो. मी लेणी पाहिली नाहीत, मला खंत नाही. आम्ही तिघी अगस्त्यतीर्थ तलावाच्या पायऱ्यांवर बसलो. पलीकडे बायका धुणं आपटत होत्या आणि प्रत्येक धपाट्याचा आवाज लाल कड्यावर आदळून थोडा उशिरा परत यायचा. बंगळूरवालीनं तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणाचं सगळं तिथं सांगितलं. फोनवर हे तिला वर्षभर सांगता आलं नव्हतं. धपाट्याच्या आवाजात मध्येच थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. बेळगावकरणीनं तिचा हात सोडला नाही आणि मी बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा डबा उघडून मध्ये ठेवला.

तेवढ्यात माकड आलं. अख्खा अर्धा किलो कुंदा घेऊन ते भिंतीवर बसलं आणि आमच्याकडे बघत सावकाश खायला लागलं. रडता रडता तिघी इतक्या हसलो, की धुणं थांबलं. बदामीत हातात पिशवी, डबा, चष्मा काही दिसेल असं ठेवू नका.

देवळाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी गुळेदगुड्डला गाडी न्यायला लावली होती. आपल्याकडचे खण जिथून येतात ते हेच गाव. बदामीपासून जवळ आहे, ओटी भरायची तर खण तिथूनच घ्या. बनशंकरीच्या देवळासमोर हरिद्रातीर्थ आहे आणि आवारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, कारळ्याची चटणी, मातीच्या बुडकुल्यात दही. सुट्टे पैसे ठेवा आणि हॉटेल शोधू नका. आपल्या भाकरीपेक्षा ही पातळ आणि कडक, माझ्या लेकीला ती पापड वाटली. सासूबाई तीन भाकऱ्या जेवल्या आणि म्हणाल्या, 'तुझ्या मैत्रिणींना दरवर्षी बोलव.' पंधरा वर्षांत माझ्याबद्दल त्या इतकं चांगलं बोलल्याचं आठवत नाही.

पट्टदकल नि ऐहोळे एका दिवसात होतात, आम्ही पळापळीत केली. ऐहोळेला दुर्ग मंदिर बघून सगळे परततात. तुम्ही मेगुती टेकडी चढा. तिथल्या ६३४ सालच्या, रविकीर्ती कवीच्या शिलालेखात चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यातल्या तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचा, आणि त्यांच्या नव्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे. लेकीनं विचारलं, आपलं गाव त्यात आहे का? नवरा म्हणाला, मोजायला वेळ नाही.

बेळगावकरीण दुपारच्या बसनं परत गेली, बंगळूरवाली रात्रीच्या गाडीनं. आम्ही विजापूर-सोलापूरमार्गे पुण्याला आलो. विजापूर ते सोलापूर रस्ता चौपदरी, झकास. पण त्या वाटेवर बेळगाव लागत नाही, म्हणून कुंदा राहिला तो राहिलाच. शेजारच्या काकूंना मी माकडाची गोष्ट सांगितली, त्यांनी काही विश्वास ठेवला नाही.